तीन फेऱ्या

पुलापासून बेकरी सहाशे पावलं.
दोनशेव्या पावलाला पोटऱ्यांत शिसं उतरू लागतं,
तीनशेव्याला मांड्या माझ्या राहत नाहीत.
मी हारिंगच्या कुंपणाशी थांबते,
बुटाची नाडी बांधायला म्हणून वाकते.
वाकलं की ओसरतं.
गावाला वाटतं, येल्त्येच्या नाड्या फार सुटतात.

सायकलवर मात्र बसवा मला!
स्नेकपर्यंत बावीस किलोमीटर, वारा समोरून,
हँडलवर ओणवी होऊन, एकदाही न उतरता.
म्हणून तर रेन्स्के दुकानात म्हणाली,
मला नेमकं ऐकू येईल इतक्या हळू:
"चालायचं म्हटलं की हिला दुखतं."

एकतीस वर्षं मी पूल उचलला.
गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून
बोटींपुढे धरायचा, त्यात नाणी पडायची.
कालव्याला काय होतं ते मला कुणी शिकवायला नको.
वरून पाणी तसंच दिसतं.
खाली गाळ, काठाची ढासळण, मुळं,
आणि एक दिवस भरली बोट
मधेच बूड टेकते.

डॉक्टर हेलेमानं पडद्यावर
माझ्या कमरेच्या चकत्या दाखवल्या.
वरच्या मणक्यांत पांढऱ्या पाण्यात
नसा मोकळ्या, तिळासारख्या.
चौथ्या-पाचव्याच्या मध्ये
पाणीच नाही.
"हाड वाढलंय, गादी फुगलीय,
मागचा पट्टा जाड झालाय.
ताठ उभं राहिलात की वाट आणखी आवळते,
वाकलात की जराशी उघडते."

म्हणजे सोंग नव्हतं.
हे एवढंच रेन्स्केसाठी
सही-शिक्क्यानिशी मागून घ्यायला हवं होतं.

ती म्हणाली, घाई नाही.
पाऊल लटकलं, लघवी कळेनाशी झाली,
तर मात्र त्याच रात्री फोन.
व्यायाम मी केले, गुडघे छातीशी,
चार महिने, स्वयंपाकघरातल्या सतरंजीवर,
मांजराला वाटायचं, मी त्याच्यासाठीच निजलेय.
मग पाठीत सुई.
सहा आठवडे मी जुनी येल्त्ये होते,
मग पुन्हा नाडी.

"आणि नाहीच भागलं तर?"
"तर मागची कमान काढून जागा करायची.
पाय बहुतेक सुटतील.
कंबर दुखत राहील कदाचित.
आणि विशीत काही तुम्ही परत जाणार नाही."
आवडली मला ती.
मीही नावाड्यांना खोली कधी फुगवून सांगितली नाही.

ठरवलं मात्र काही नव्हतं.

ऑक्टोबरात स्यौक्ये गेली.
पहिलीपासून आम्ही एका बाकावर.
आमच्याकडे पेटी चर्चभोवती तीनदा फिरवतात.
का, ते पाद्रीबुवांनाही धड सांगता येत नाही.
मी हिशोब केला होता: अर्धी फेरी,
मग भिंतीशी नाडी,
मग लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

पण खांदे कमी पडले.
चाकांची गाडी आणली,
आणि तिच्या थोरल्यानं, फोप्पेनं,
काही न बोलता मागचा दांडा माझ्या हातात दिला.

ओणवी झाले. ढकललं.
रेती करकरली.
पहिली फेरी.
दुसरी. पोटऱ्या गप्प.
तिसरीला मी रडू लागले,
आणि रेन्स्केनं रुमाल पुढे केला,
तिला वाटलं, दुःखानं.
तेही होतंच.
पण मी चालत होते, बाई,
कुठेही न थांबता चालत होते,
आणि चालवत होती ती,
आत आडवी पडून.

शुक्रवारी फोन केला,
फेब्रुवारीची तारीख घेतली.
"कशावरून ठरवलंत?" हेलेमानं विचारलं.
मी म्हटलं, हवामानावरून.

खरं कसं सांगू,
की दर वेळी दांडा धरायला
एवढ्या मैत्रिणी उरल्या नाहीत माझ्याकडे.